सुप्रीम कोर्टात जायचंय? आधी तारखा काढा

गावाकडून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ताई हायकोर्टात विरोधात लागलं, आता सुप्रीम कोर्टात टाकून द्या. दुसरं पण ठरलेलंच, तिथे तरी आपली सगळी बाजू नीट मांडता येईल ना? मी दिल्लीत एका एओआरच्या, म्हणजे सुप्रीम कोर्टात केस दाखल करायचा अधिकार असलेल्या वकिलाच्या, ऑफिसात ड्राफ्टिंग करते, दिवसभर हेच काम, त्यामुळे मला माहितीये की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'नाही' असं असतं, पण फोनवर समोरचे काका आधीच खचलेले असतात, त्यांना तोंडावर कसं सांगणार. म्हणून एकदाच काय ते इथे सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवून देईन.

मुळात आपण ज्याला सुप्रीम कोर्टातलं अपील म्हणतो ते बहुतेक वेळा अपील नसतंच. घटनेच्या कलम १३६ खाली जाते ती एसएलपी, स्पेशल लीव्ह पिटिशन, म्हणजे 'मला अपील करू द्या' एवढी परवानगी मागणारा अर्ज. परवानगी मिळाली तर पुढे त्याचं अपील होतं, नवा नंबर पडतो आणि मग खऱ्या अर्थाने सुनावणी. नाही मिळाली तर एका ओळीत डिसमिस, कारण द्यायला कोर्ट बांधील नाही. हायकोर्ट चुकलंय एवढं दाखवून भागत नाही, चूक अशी दिसली पाहिजे की समोरच्या दोन जजेसना वाटावं, नाही, ह्यात आपण हात घालायलाच हवा.

आणि हे वाटायला वेळ किती? नव्या केसेस मुख्यतः सोमवारी आणि शुक्रवारी लागतात, मिसलेनियस डे म्हणतात त्याला, बोर्ड भलामोठा असतो आणि एकेकीच्या वाट्याला काही मिनिटं येतात, कधीकधी तर सिनियर वकील उभे राहून कोट सावरेपर्यंत 'डिसमिस्ड' झालेलं असतं. लोकांना वाटतं ऐकूनच घेतलं नाही. तसं नाहीये, जज घरून फाइल वाचून येतात आणि वाचताना त्यांचं मत बरंचसं झालेलं असतं. पण वाचतात काय, तर आधी सिनॉप्सिस म्हणजे केसचा सारांश, मग लिस्ट ऑफ डेट्स म्हणजे काय कधी घडलं त्याची तारीखवार यादी, मग हायकोर्टाचा निकाल. ग्राउंड्सपर्यंत, म्हणजे हायकोर्ट कुठे चुकलं त्या मुद्द्यांपर्यंत, पोचले तर आपलं नशीब. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, एसएलपी उभी राहते किंवा पडते ती लिस्ट ऑफ डेट्समध्ये, बाकी सगळी पानं तिच्या पाठीशी उभी राहायला असतात. आमच्या ऑफिसात ह्यावर वाद होतात, सगळ्यांना पटत नाही, पण मी काही मागे हटणार नाही.

उदाहरण घेते म्हणजे कळेल. मराठवाड्यातून येणाऱ्या फाइलींमध्ये जमीन संपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या पुष्कळ असतात, १८९४ च्या जुन्या कायद्याखालच्या, अजूनही चालूच आहेत. समजा एका शेतकऱ्याची २ हेक्टर १० आर जमीन पाझर तलावात गेली, विहीर बागायत. सरकारने हेक्टरी ३०,००० दिले. कलम १८ खाली रेफरन्स केला, म्हणजे मोबदला वाढवून मागायला प्रकरण कोर्टाकडे नेलं, सिव्हिल जज सिनियर डिव्हिजननी ते १,२०,००० केले. सरकार हायकोर्टात गेलं, औरंगाबाद खंडपीठात अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि शेवटी निकाल आला, ७०,०००. आता ७० कुठून आले? हायकोर्टाने गावातली दोन खरेदीखतं घेतली, एक बागायत जमिनीचं १,१५,००० चं, एक जिरायतीचं २५,००० चं, आणि सरळ सरासरी काढली.

ह्यावर स्थानिक वकिलांकडून कच्चा ड्राफ्ट येतो त्याची लिस्ट ऑफ डेट्स अशी सुरू होते, '१९९४ – अर्जदार हा अत्यंत गरीब व कष्टाळू शेतकरी असून सदर जमिनीवर त्याच्या संपूर्ण कुटुंबाचा उदरनिर्वाह अवलंबून होता व शासनाने अन्यायाने...' वगैरे वगैरे, अर्धं पान. सगळं खरं असतं हो. पण जजने काय करायचं त्याचं, त्यांच्यापुढे त्या दिवशी आलेला प्रत्येकच माणूस गांजलेला असतो.

मी काय लिहिते, तर एवढंच. जुलै १९९२, त्याच गावात लगतच्या गटातल्या ८० आर विहीर बागायत जमिनीचं नोंदणीकृत खरेदीखत, हेक्टरी १,१५,००० दराने, निशाणी (कोर्टाने पुराव्याच्या कागदाला दिलेला नंबर) अमुक. मार्च १९९४, जमीन घेणार असल्याची कलम ४ ची अधिसूचना. नोव्हेंबर १९९६, निवाडा, ज्यात जमीन विहीर बागायत असल्याचं भूसंपादन अधिकाऱ्यानेच मान्य केलंय, पान अमुक. बस. तीन नोंदी. जमिनीचा भाव कलम ४ च्या तारखेला किती होता हे बघायचं असतं, खरेदीखत त्याच्या दीड-पावणेदोन वर्षं आधीचं आहे, म्हणजे मोबदला वाढवायला बनवलेलं खत नाही हे न सांगता कळलं, जमिनीची प्रत एकच आहे हे सरकारी कागदावरच आहे, मग त्यात जिरायतीचं खत मिसळून सरासरी काढायचं कारणच काय? २०१२ मध्ये मेहरावल खेवाजी ट्रस्टच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अनेक खतं समोर असतील तर त्यातलं सर्वात जास्त भावाचं, खरं असलेलं खत धरायचं. सिनॉप्सिसमध्ये हे एक वाक्य. झालं काम. आणि हो, खतातलं क्षेत्र ८० आर आहे तर ८० आरच लिहायचं, झाकायचं नाही, कारण समोरचा सरकारी वकील उठून 'हा तर छोटा तुकडा, ह्यातून वजावट करा' म्हणणारच आहे, ते आपणच आधी सांगितलेलं बरं.

हेक्टरी पन्नास हजाराचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, दिल्लीतल्या नवीन ज्युनियर पोरांना तर वाटतंच, एवढ्यासाठी सुप्रीम कोर्ट? पण त्यावर ३० टक्के सोलेशियम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई), कलम ४ पासून निवाडा किंवा ताबा ह्यातलं जे आधी होईल तोवर १२ टक्के, आणि पहिल्या वर्षी ९ अन् नंतर १५ टक्के व्याज, हे सगळं धरलं की मूळ फरकापेक्षा वरचंच कितीतरी मोठं होतं.

ग्राउंड्सचं सांगायचं राहिलं. ए पासून झेड, मग एए, बीबी, काही ड्राफ्टमध्ये तर तिसरा फेरा चालू झालेला असतो. ग्राउंड्स म्हणजे लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांची नावं झालीत, कुणी राहून गेलं तर रुसेल म्हणून सगळ्यांना घ्यायचं. मला सात-आठच्या वर लागत नाहीत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात असल्याच पिटिशनला ९,००० शब्दांची मर्यादा आहे, ठराविक आकाराची पुस्तिका छापून चाळीस प्रती द्यायच्या, पिटिशनचं कव्हर पांढरं, विरोध करणाऱ्याचं नारिंगी, म्हणजे जजने ढिगातून रंग बघूनच उचलावं. आपल्याकडे शब्दांची अशी मर्यादा नाही, त्यामुळे लिहिणारे सुटतात. ती मर्यादा आणली तर माझा पहिला पाठिंबा, आणि बार रूममध्ये शिव्या पण पहिल्या मलाच पडतील.

बरं, दाखल कोण करणार. गावाकडच्या वकीलसाहेबांना, किंवा हायकोर्टात तीस वर्षं घालवलेल्या सिनियरलाही, स्वतःच्या सहीने सुप्रीम कोर्टात पिटिशन फाइल करता येत नाही. त्याला एओआर लागतो, अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड. चार वर्षं वकिली, मग एका एओआरकडे वर्षभर ट्रेनिंग, मग चार पेपरची परीक्षा, प्रॅक्टिस, ड्राफ्टिंग, एथिक्स आणि लीडिंग केसेस. शिवाय कोर्टापासून सोळा किलोमीटरच्या आत ऑफिस हवं आणि नोंदणी केलेला क्लार्क हवा. उभं राहून युक्तिवाद दुसराही वकील करू शकतो, पण कागदाची जबाबदारी एओआरची. काहीजण नुसती सही विकतात, ड्राफ्ट न वाचता, कोर्टाने ह्यावरून अनेकदा झापलंय तरी चालू आहे. तुम्ही कुणाला पकडाल तेव्हा एकच प्रश्न विचारा, माझा हायकोर्टाचा निकाल तुम्ही स्वतः वाचला का. उत्तर देताना चेहरा बघा. पक्षकाराला स्वतःलाही लढता येतं, त्यासाठी परवानगीचा अर्ज करावा लागतो, रजिस्ट्रार आधी बोलून बघतात, आणि पैशाची अडचण असेल तर सुप्रीम कोर्टाची विधी सेवा समिती वकील देते. तुरुंगात असलेला माणूस तर तुरुंग अधीक्षकामार्फत पिटिशन पाठवू शकतो, ते फुकट असतं, हे बऱ्याच घरच्यांना माहीतच नसतं आणि ते दागिने विकायला निघतात.

मुदत, ९० दिवस. हायकोर्टाच्या निकालापासून. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात पण त्या भरवशावर बसू नका, निकाल वेबसाइटवर येतो, तो डाउनलोड करून आणि सर्टिफाइड कॉपीतून सूट मागणारा अर्ज जोडून पिटिशन जाते. उशीर झाला तर तो माफ करायचा वेगळा अर्ज, आणि त्यात दिवस मोजून लिहायचे, अंदाजे नाही. १९८७ चा कातिजी निकाल प्रत्येकजण त्यात टाकतो कारण त्यात कोर्ट म्हणालं होतं की उशिराकडे उदारपणे बघावं. खरं तर तो निकाल सरकारच्या उशिराबद्दल होता. मग २०१२ मध्ये लिव्हिंग मीडियाच्या केसमध्ये कोर्टाने पोस्ट खात्यालाच सुनावलं की फाइल ह्या टेबलावरून त्या टेबलावर जात होती हे कारण आता चालणार नाही. शेतकऱ्यांच्या मोबदल्याच्या केसेसमध्ये खूप मोठा उशीरसुद्धा माफ झालाय, पण उशीर झालेल्या काळाचं व्याज कापून. म्हणजे घरात भावाभावांत 'जायचं की नाही' ह्यावर जितके महिने घालवाल तितकं व्याज गेलं असं समजा.

उशिराच्या अर्जात खरं कारण लिहा एवढंच सांगेन. प्रत्येकाची आई आजारी असते असा एक फॉरमॅट फिरतोय, जजना तो पाठ झालाय.

आता फाइल. येते कशी? व्हॉट्सॅपवर. खाटेवर ठेवून काढलेले फोटो, कडेला अंगठा, अर्ध्या पानावर सावली, पान ३ नंतर थेट पान ९. आणि नेमकं जे निशाणी लागलेलं खरेदीखत हवं असतं ते नसतंच. का महत्त्वाचं, तर पिटिशनसोबत एओआरला सर्टिफिकेट द्यावं लागतं की ही पिटिशन खालच्या कोर्टापुढे जे होतं तेवढ्यापुरतीच आहे, नवीन काही घुसवलेलं नाही. जास्तीचं काही लावायचं तर वेगळा अर्ज, आणि तो वाचताना पहिला प्रश्न येतो, हे तेव्हा का नाही दाखवलं? काका म्हणतात आमच्याकडे अजून एक भारी कागद आहे, तलाठ्याने आत्ता दिलाय. भारी असेल हो, पण वीस वर्षं उशिरा मिळालाय.

सुप्रीम कोर्टाचं कामकाज इंग्रजीत, घटनेचं कलम ३४८, त्यामुळे सातबारा, फेरफार, जॉइंट मेजरमेंटचा कागद, पंचनामा, साक्षीदाराची उलटतपासणी, सगळ्याचं भाषांतर. नियम असा की भाषांतर कोर्टाने नेमलेल्या भाषांतरकाराचं हवं किंवा दोन्ही बाजूंना मान्य असलेलं हवं, प्रत्यक्षात आम्ही स्वतः करतो आणि ऑफिशियल ट्रान्सलेशनमधून सूट मागणारा अर्ज लावतो. दिल्लीतल्या बऱ्याच ऑफिसांत मराठी कागद हिंदीवाल्याकडे जातो, लिपी तर तीच आहे ना म्हणून. नका करू असं. पीकपाहणीचा रकाना, सामाईक विहिरीतला हिस्सा, पोटखराबा हे ज्याने गावात राहून बघितलंय त्यालाच धड उतरवता येतं, आणि आपल्या वरच्या केसमध्ये सगळा खेळच विहिरीवर आहे. इनामाच्या जुन्या केसेसमध्ये मोडीतले कागद येतात, तेव्हा मग पुण्याला वगैरे मोडी वाचणारे शोधत फिरायचं.

सातबारा टाइप करणं हा एक वेगळाच छळ आहे. हातचा सातबारा, झेरॉक्सची झेरॉक्स, तलाठ्याचं अक्षर, वरच्या ओळीचं खाली 'सदर सदर', खोडलेल्या नोंदीवर गोल आणि त्यात फेरफार क्रमांक. तो इंग्रजीत जसाच्या तसा तक्त्यात बसवायचा, काय खोडलंय ते पण लिहायचं, न लागणारा शब्द 'वाचता येत नाही' असा दाखवायचा, अंदाजाने भरायचा नाही. एका सातबाऱ्याला कधीकधी अख्खी दुपार जाते. मग मालकाचं नाव. हायकोर्टाच्या मेमोत आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए, रेफरन्सच्या निकालात दोन, आधारवर तिसरंच काहीतरी. पिटिशनमध्ये हायकोर्टातलंच नाव आणि तोच क्रम ठेवायचा, नाहीतर रजिस्ट्री, म्हणजे कागद तपासून घेणारं कोर्टाचं कार्यालय, परत पाठवते. शहराचं नाव बदललं तरी निकालाच्या डोक्यावर खंडपीठाचं नाव जसं छापलंय तसंच घ्यायचं, इथे आपली भावना मध्ये आणायची नाही. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच पण सुरू झालंय, त्यामुळे तिकडच्या फाइलींवर नवीन मथळा येतो.

पिटिशनचा साचा ठरलेला आहे, २०१३ च्या नियमांमधला फॉर्म २८. कायद्याचे प्रश्न, आधी अशी पिटिशन केली नव्हती असं डिक्लरेशन, जोडलेले कागद खऱ्या प्रती आहेत असं दुसरं डिक्लरेशन, ग्राउंड्स, अंतरिम दिलाशाची कारणं, मग प्रार्थना. पुस्तकाच्या सुरुवातीला सिनॉप्सिसची पानं बी, सी, डी अशी अक्षरांनी, आकडे सुरू होतात हायकोर्टाच्या निकालापासून. जोडलेले कागद, म्हणजे अॅनेक्शर, पी-१, पी-२ असे तारखेच्या क्रमाने, प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर 'ट्रू कॉपी'चा शिक्का आणि सही.

इथे एक गंमत, म्हणजे गंमत काय, त्रासच. प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं की सिनॉप्सिस पान बी ते अमुक, पिटिशन परिच्छेद १ ते अमुक, पान अमुक ते अमुक मी वाचलं, मला समजावून सांगितलं, ते खरं आहे. पण प्रतिज्ञापत्र करायचं कुणी, तर गावातल्या काकांनी, तालुक्याला नोटरीपुढे. आणि पान नंबर कधी पक्के होतात, तर सगळ्यात शेवटी. म्हणून जागा कोऱ्या ठेवून पाठवतात आणि परत आल्यावर इथे पेनाने भरतात, सगळीकडे असंच चालतं. मला ते पटत नाही, त्यामुळे मी पानं लागल्यावरच पाठवायचा हट्ट धरते, नव्वदावा दिवस जवळ असला की तो हट्ट ऑफिसात कुणालाच आवडत नाही. मजकूर मात्र मी फोनवर मराठीत वाचून दाखवतेच. एकदा वाचून झाल्यावर पलीकडून आवाज आला, "ताई, ह्यात मोटारीचं नाही आलं का? विहिरीवर मोटार होती आमची." नव्हतंच आलं. आणि ते निवाड्यात होतं, पाइपलाइनसकट, भूसंपादन अधिकाऱ्याने स्वतः मोजलेलं. लिस्ट ऑफ डेट्समधली सगळ्यात वजनदार ओळ ती झाली.

कागदाचं सांगते आणि हा भाग संपवते. पूर्वी लांबुडके लीगल कागद, एकाच बाजूला छपाई, गठ्ठेच्या गठ्ठे. ५ मार्च २०२० च्या परिपत्रकाने १ एप्रिलपासून ए-फोर झाला, दोन्ही बाजूंनी छपाई, ७५ जीएसएम, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीडपट अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर समास. नेमका त्याच वेळी लॉकडाउन लागला. मे २०२३ पासून नवीन ई-फायलिंग आलंय, रात्री बारालाही अपलोड होतं, ज्यामुळे शेवटच्या दिवशी काम करायची सवय सुधारायच्या ऐवजी अजूनच बिघडली.

दाखल झालं की डायरी नंबर मिळतो. इथे घरी फोन जातो, काका खूश, 'नंबर पडला'. नाही पडला अजून! आता रजिस्ट्री डिफेक्ट काढणार. पान ११२ फिकट आहे, टाइप करून द्या. वकालतनाम्यावर तारीख नाही. मयत प्रतिवादीचे वारस दाखवलेले नाहीत. अॅनेक्शरचा क्रम चुकलाय. दुरुस्तीला एकूण २८ दिवस, त्यापुढे गेलात तर पुन्हा दाखल करायला झालेल्या उशिराचा आणखी एक माफीचा अर्ज. काम क्लार्कचं खरं, आमचे क्लार्क साहेब उत्तराखंडचे, कायद्याची डिग्री नाही, पण कुठल्या सेक्शनला काय खुपतं हे त्यांना जेवढं कळतं तेवढं अर्ध्या बारला कळत नाही. ते पान नुसतं उजेडाकडे धरतात आणि सांगतात, हे परत येणार. येतंच. फौजदारी केसमध्ये शिक्षा झालेली असेल तर शरण गेल्याचा पुरावा किंवा त्यातून सूट मागणारा अर्ज नसेल तर पिटिशन रजिस्टरच होत नाही, त्यामुळे पोराला लपवून ठेवून तारीख मिळवू असा बेत कुणी करत असेल तर सोडून द्या.

समोरच्याने कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, टाकलंय का तेही आधी बघायचं, ते ९० दिवस चालतं. जे हायकोर्टात जिंकलेत त्यांना मी उलट सल्ला देते, निकाल लागल्या लागल्या कॅव्हेट टाका, खर्च फार नसतो आणि तुमच्या माघारी स्टे मिळत नाही.

जाता जाता, ही इमारत, मधला घुमट, ते खांब, हे सगळं गणेश भिकाजी देवळालीकर ह्या मराठी माणसाने केलंय, १९५८ मध्ये कोर्ट तिथे राहायला गेलं. इथे आलेल्या गावाकडच्या पक्षकाराला मी हे आवर्जून सांगते. त्यांना त्यात काडीचाही रस नसतो, त्यांचं लक्ष कोर्ट नंबर किती आणि आयटम नंबर किती ह्यात.

डिसमिस झालं तर काय? एक तर घाबरू नका की सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल बरोबर ठरवला. कुन्हायमेद निकाल, २०००, नुसती परवानगी नाकारली असेल तर हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाच्या आदेशात विलीन होत नाही, हायकोर्टात रिव्ह्यूचा, म्हणजे त्याच कोर्टाकडे फेरविचार मागायचा, रस्ता तत्त्वतः उघडा राहतो. सुप्रीम कोर्टात रिव्ह्यू ३० दिवसांत, तो बहुतेक वेळा चेंबरमध्येच कागदावर निकाली निघतो, वकिलाला बोलावतही नाहीत. त्यानंतर क्युरेटिव्ह, रिव्ह्यूही फेटाळला गेल्यावरची शेवटची पिटिशन, २००२ च्या रूपा हुर्रा केसपासून आलेली, तिला सिनियर वकिलाचं सर्टिफिकेट लागतं, आणि कुणी तुम्हाला क्युरेटिव्हची 'गॅरंटी' देत असेल तर आपला चेक परत खिशात घालून निघा.

आणि परवानगीच्या ऐवजी नोटीस निघाली तर उगाच पेढे वाटू नका, नोटीस म्हणजे फक्त समोरच्याला विचारलंय. पण त्यांचं काउंटर, म्हणजे लेखी उत्तर, आलं की मला लगेच कागद लागतील. त्यामुळे ज्यांचं हायकोर्टात अजून चालू आहे त्यांनी पण आत्ताच तिथल्या वकिलांकडून पूर्ण पेपरबुक, निशाणी नंबर लागलेल्या सगळ्या कागदांसकट, घेऊन ठेवा, बाजारात झेरॉक्सवाल्याकडे सलग एक पीडीएफ करा, फोटो नकोत, आणि पानांच्या मागच्या बाजू पण स्कॅन करा, खरेदीखताच्या नोंदणीचे शिक्के मागेच असतात.